टेकूमागची भिंत

चराची पूर्वेकडची भिंत जिथे सगळ्यात कच्ची होती, तिथे मॉर्ना स्कॅनलनने पहिल्याच दिवशी टेकू लावला होता. समोरासमोरच्या भिंतींना दोन जाड फळ्या आणि त्यांच्यामध्ये दाब देऊन ताणलेली लोखंडी नळी. कामाची रीतच तशी. माणसाच्या उंचीपेक्षा खोल चरात उतरायचं तर आधी भिंती धरून ठेवायच्या, मग त्या वाचायच्या. पण या रीतीत एक खोट आहे आणि ती या कामातल्या सगळ्यांना ठाऊक असते. भिंत कच्ची असते ती बहुधा जमीन पूर्वी कधी फाटलेली असते तिथेच. म्हणजे जे बघायला चर खणायचा, तेच नेमकं फळीआड जातं. म्हणून काम संपत आलं की एकेक टेकू हलवायचा, मागचं बघून घ्यायचं आणि परत लावायचा. हे दोघांनी मिळून करायचं काम. एकट्याने नाही.

बाकीचे सगळे टेकू हलवून झाले होते. हा एक राहिला होता. रोज काही ना काही निघायचं. कधी पाऊस, कधी चरातलं पाणी उपसणारा पंप बंद. एकदा तर किआंनी, म्हणजे डोंगरातल्या त्या चोरट्या हिरव्या पोपटांनी, थरांच्या खुणेसाठी भिंतीत टोचलेले खिळेच त्यांच्या गुलाबी फितींसकट उपटून नेले. तेव्हापासून मॉर्ना खिळ्यांची पिशवी रेनकोटच्या छातीवरच्या खिशात ठेवू लागली. टेकू मात्र तसाच राहिला.

"तो राहिलाय," सकाळी निघताना तेओती म्हणाला होता. तेओती तिचा जोडीदार. पाचसहा वर्षं दोघं मिळून चर खणत होते आणि तेवढीच वर्षं एकमेकांच्या चुका काढत होते.

"माहितीये मला."

"उद्या मंडळी आली की आर्थर शिडीच्या पहिल्या पायरीवरूनच विचारणार, त्या फळीमागे काय दडवलंय? आणि मग तुझं तोंड बघण्यासारखं होणार."

"तू विमानतळावर जा. पाहुणे ताटकळतील."

"जातोय. संध्याकाळी आपण दोघं मिळून हलवू. तोवर हात लावायचा नाही. बाईसाहेब, ऐकू येतंय ना?"

"येतंय."

उद्याची मंडळी म्हणजे याच कामातली, जमिनीतल्या भेगा वाचणारी बाकीची माणसं, आणि आर्थर त्यांतला सगळ्यात चिकित्सक. चर बुजवण्याआधी त्यांना बोलवायचं, भिंतीसमोर उभं करायचं आणि आपलं वाचन खोडून काढायला सांगायचं, ही जुनी पद्धत. दिवसभर कडाकडा भांडायचं आणि संध्याकाळी एका टेबलावर जेवायचं. जेवण मॉर्नाच्या वडिलांकडे, डेसकडे होतं. डेसने वसंतात नदीच्या मुखाशी जाळं लावून धरलेले काडीएवढे व्हाइटबेट मासे फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते. ते अंड्यात घोळून तव्यावर टाकायचे, की भलेभले शास्त्रज्ञ गप्प होतात, असं त्याचं म्हणणं होतं.

चर डेसच्याच कुरणात होता, घरापासून हाकेच्या अंतरावर. भूकंप घडवणारी मोठी भेग डोंगराच्या पायथ्याने जाते हे हॅरो क्रीक गावात शाळकरी पोरांनाही पाठ होतं. त्याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो गावातून जाणाऱ्या जमिनीतल्या पायरीचा. कमरेएवढी उंच, गवताने झाकलेली ती पायरी डेसच्या घराखालून निघायची, शाळेच्या पटांगणाला टेकायची आणि अग्निशमन दलाच्या हॉलखालून जाऊन नदीत उतरायची. ती कशाने झाली, एवढाच प्रश्न होता. एके काळी हिमनदी इथवर उतरली होती. तिने पुढे सरकताना माती ढकलून ही सुरकुती पाडली असेल, तर ती मेलेली सुरकुती. कुणाला तिचं भय नाही. पण तो मोठ्या भेगेचा फाटा असेल, तर तो जिवंत. मग कौन्सिल नकाशावर त्याच्या दोन्ही अंगांनी पट्टा आखणार, आणि पट्ट्यातल्या माणसांनी आज ना उद्या उठायचं.

डेसने ते घर स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. आता तो शहात्तर वर्षांचा होता. "मला इथून काढायचं तर आडवा काढा," असं तो पहिल्या बैठकीत कौन्सिलच्या माणसाला म्हणाला होता आणि टाळ्या पडल्या होत्या. मॉर्ना मागच्या खुर्चीवर बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. चर दुसऱ्या कुणाला खणू दे, असंही ती म्हणाली नव्हती.

आतापर्यंत भिंतींनी हिमनदीच्याच बाजूने साक्ष दिली होती. राखाडी माती, तिच्यात घासून गुळगुळीत झालेले गोटे, एकावर एक चेपलेल्या घड्या. मॉर्नाने ते तसंच मांडलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त एका फळीएवढी जागा कोरी होती.

दुपारी पाऊस जरा ओसरला तेव्हा ती एकटीच चरात उतरली. उद्या काय व्हायचं ते होवो, आधी आपण एकटीने बघावं. आर्थरच्या, तेओतीच्या, कुणाच्याही आधी. बाबांच्या घराखाली काय आहे हे आपल्याला चारचौघांत कळू नये, एवढंच तिला हवं होतं. तिने नळीतला दाब सोडला, पूर्वेकडची फळी उचलून बाजूला ठेवली आणि बॅटरी लावायला ती वाकली.

आवाज असा झालाच नाही. थकलेल्या माणसाने सुस्कारा सोडावा तसं काहीतरी झालं, आणि ती पश्चिमेच्या भिंतीवर आपटली. डोळे उघडले तेव्हा बरगड्यांच्या खाली तिचं शरीर नव्हतं. होतं, पण ते मातीचं झालं होतं. उजवा हात कोपरापर्यंत आत गेला होता, डावा मोकळा होता. तिने श्वास सोडला आणि परत घेतला, तेव्हा लक्षात आलं की मघापेक्षा थोडा कमी आत आला. पोट जेवढं मागे हटत होतं तेवढी जागा माती घेत होती. तिने श्वास लहान केले.

मग तिला दुसरी गोष्ट कळली. पंप बंद पडला होता. ती घरघर सतत कानांत असायची, म्हणून ती नाहीशी झालेली आधी समजलीच नाही. पायाशी, मातीच्या आत, गार पाणी चढत होतं.

"मॉर्ना, चहा!" वरून हाक आली. "साखर घातलीय, उगाच नाक मुरडू नकोस."

"बाबा, कडेला येऊ नकोस!"

पावलं थांबली. 

"किती?" डेसने विचारलं. तो बरीच वर्षं गावच्या अग्निशमन दलाचा कप्तान होता. नको ते प्रश्न तो विचारत नसे.

"छातीच्या खालपर्यंत. उजवा हात अडकलाय. श्वास घेता येतोय."

"हलू नकोस."

"हलताच येत नाहीये."

"मग उत्तमच." त्याचा आवाज जागच्या जागी होता, पण थर्मास खाली पडल्याचं तिला ऐकू आलं. "दलातल्या केव्हिनला फोन करतो. दूध काढायची वेळ आहे, सगळे गोठ्यात असणार. यायला थोडा वेळ लागेल. तोवर मी आहे."

तो गेला आणि परत आला. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बिजागरीतून काढून आणलं होतं. ते कडेवर आडवं टाकून तो त्याच्यावर पालथा झोपला, म्हणजे वजन एका जागी पडू नये. त्याचं भिजलेलं डोकं आणि एक हात तेवढा तिला दिसू लागला.

"कोंबड्या?" तिने विचारलं.

"फिरतायत बागेत. तुझ्यापेक्षा शहाण्या आहेत, खड्ड्याकडे फिरकत नाहीत." मग तो म्हणाला, "एकटी का उतरलीस?"

तिने नजर फिरवली. मान फक्त एकाच बाजूला वळत होती, आणि त्या बाजूला, हातभर अंतरावर, पूर्वेची भिंत होती. पुढचा पापुद्रा गळून पडला होता आणि मागची भिंत नुकत्याच कापलेल्या वडीसारखी स्वच्छ निघाली होती. इतकी चांगली भिंत तिने करणीच्या पात्याने तासून कधी काढली नव्हती.

खाली तीच राखाडी, गोट्यांची माती. तिच्यावर काळा थर. दलदलीचा, चपट्या झालेल्या काटक्यांचा, पानांचा. आणि त्या काळ्या थराला खालपासून वरपर्यंत एक चीर गेलेली होती. चिरेत राखाडी रेती भरली होती. चिरेच्या अलीकडे काळा थर जिथे होता, पलीकडे तो तिथून वीतभर खाली उतरलेला होता. काटक्यासुद्धा त्या रेषेवर मोडलेल्या होत्या. सगळ्यात वर दुसरा, पातळ काळा थर मात्र अखंड, काही घडलंच नाही असा.

तिने डोळे मिटले आणि उघडले. मुळाने पाडलेलं भोक असेल? मूळ खाली निमुळतं होत जातं, हे सरळ होतं. उतारावरून माती घसरली असेल? मग दोन्हीकडचे थर असे तंतोतंत जुळले नसते. थंडीने तडकली असेल? मग थर वर-खाली झाला नसता. एकेक वाट ती चालून पाहत होती आणि प्रत्येक वाट त्याच भिंतीपाशी येऊन थांबत होती. कारण एक गोष्ट हलत नव्हती. हिमनदी डोक्यावर असताना दलदल होत नाही. ती वितळून गेली, पाणी साचलं, शेवाळ आलं, झाडं आली, मगच तो काळा थर झाला. त्याला पडलेली चीर हिमनदीने पाडलेली असूच शकत नव्हती. तेव्हा ती इथे नव्हतीच.

"काय बघतेस त्या मातीत? माझ्याकडे बघ," डेस म्हणाला.

"मान धड वळत नाही बाबा."

"दुखतंय?"

"गार लागतंय. पाणी चढतंय."

"पंपाचं बघतो. पण आधी मंडळी कुठून खणणार ते सांग. मातीचा ढीग पश्चिमेला आहे, तिकडून पाय ठेवला तर सगळं तुझ्या अंगावर येईल."

"पूर्वेकडूनच," ती म्हणाली. "ही भिंत उतरवत यावं लागेल."

बोलता बोलताच तिला ते उमगलं. ही भिंत उतरवणार. केव्हिन आणि त्याची माणसं फावड्यांनी काळा थर खरवडतील, बादल्यांनी वर देतील, आणि त्याचा चिखल होईल. तेओती संध्याकाळी येऊन डोक्याला हात लावेल. उद्या आर्थर बाकीच्या भिंती बघेल. त्या भिंती हिमनदी म्हणतात. एका ढासळलेल्या जागेवरून कुणी वाद घालणार नाही, उलट लोक तिला शाल पांघरतील. घर राहील. शाळा राहील. हॉल राहील. तिला खोटं बोलायचंसुद्धा नव्हतं. फक्त माणसं येईपर्यंत गप्प राहायचं होतं, आणि तसंही बोलायला श्वास कुठे पुरत होता?

तिने एक श्वास घेतला. तो मघाच्यापेक्षाही लहान होता.

डेस दारावर थोडा पुढे सरकला. मग म्हणाला, "तुझी आई तपासून आली तेव्हा अशीच गप्प होती. मी विचारलं, काय म्हणाला डॉक्टर? म्हणे, काही नाही, वय झालं. अख्खा उन्हाळा मला सांगितलं नाही तिने. माझ्या भल्यासाठी." त्याने हाताने तोंडावरचं पाणी निपटलं. "मी त्या उन्हाळ्यात कुंपणाला रंग देत बसलो होतो, मॉर्ना. कुंपणाला."

पाण्याचा गारवा तिच्या मांड्यांपर्यंत आला.

"बाबा, ती जिवंत आहे," ती म्हणाली.

"कोण?"

"घराखालची भेग."

खुराड्याच्या दारावर पाऊस वाजत राहिला.

"बर्फाने नाही केलेलं?"

"नाही. बर्फ गेल्यानंतरचं आहे. बरंच नंतरचं. जमीन एका झटक्यात वीतभर उतरलीय."

"परत कधी?"

"ते कुणालाच सांगता येत नाही. उद्या, किंवा तुझ्यामाझ्या नंतर खूप वर्षांनी. पण परत."

"च्यायला," डेस हळूच म्हणाला. मग त्याने विचारलं, "हे दिसतंय कुणाला?"

"आत्ता मला. आणि थोड्या वेळाने कुणालाच नाही." तिने दम घेतला. "माझा फोन खाली गाडला गेलाय. तुझ्या फोनने फोटो काढ बाबा. केव्हिनने फावडं लावायच्या आधी."

डेसने भिंतीकडे पाहिलं नाही. तिच्याकडेही नाही. तो दारावरून मागे सरकला, गुडघ्यांवर उठला आणि तिच्या नजरेआड गेला.

"बाबा?"

पावलं चिखलातून दूर गेली. थोड्या वेळाने पंपाची दोरी ओढल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. शिवी. मग घरघर सुरू झाली. पाणी थांबलं. डेस परत आला नाही.

तिने डाव्या हाताने छातीवरचा खिसा चाचपला. बोटं लाकडासारखी झाली होती. एकेक खिळा काढून ती चिरेच्या कडेने टोचत गेली, खालून वर, हात पोचेल तिथवर. गुलाबी फिती पावसात लगेच भिजून चिकटल्या. कुणासाठी टोचतोय हे तिला ठाऊक नव्हतं. हाताला सवय होती.

मग गाड्या आल्या, बुटांचे आवाज आले, आणि केव्हिनचं रुंद तोंड कडेवर उगवलं. अंगाला अजून गोठ्याचा वास होता.

"काय गं मॉर्ना, आमच्या हॉलचा पाया शोधत होतीस की काय?"

"तसंच काहीसं."

"हसतेय, म्हणजे जगणार," तो मागे वळून ओरडला. "फळ्या आणा! पूर्वेकडून खाली यायचं, एका वेळी एकच. शिडी तिकडे लावा. लहान फावडी घ्या रे, मोठी नकोत, पोरीचे पाय आहेत खाली."

त्यांनी तिच्या बगलेखालून पट्टा घातला, दोन नवे टेकू ताणले. केव्हिन स्वतः खाली उतरला आणि काळ्या थरासमोर पाय रोवून उभा राहिला. गुलाबी फिती त्याच्या खांद्याशी होत्या. त्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने फावडं उचललं.

"थांब," वरून आवाज आला.

डेस शिडीच्या तोंडाशी उभा होता. डोक्यावर आता जुनं, कप्तानाचं हेल्मेट होतं आणि हातात फोन होता, ज्यावर तो एरवी पावसाचा अंदाज आणि घोड्यांच्या शर्यती यापलीकडे काही बघत नसे.

"काय झालं?"

"बाजूला सरक. फोटो काढायचाय."

केव्हिन बघतच राहिला. "डेस, तुझी पोरगी गाडली गेलीय आणि तुला फोटो सुचतोय? लग्नात नाही काढलास तिच्या!"

"लग्नात तुझं टक्कल मध्ये येत होतं. सरक."

वरची माणसं हसली. मॉर्नाला हसता येत नव्हतं. केव्हिन भिंतीला चिकटून सरकला. डेस दोन पायऱ्या खाली आला, एका हाताने शिडी धरून त्याने फोन समोर केला.

"चालेल असा?"

"माप हवं," ती म्हणाली. मापाशिवाय फोटो म्हणजे नुसती माती. टेप कुठेतरी खाली होती. तिने डावा पंजा पसरून चिरेच्या शेजारी भिंतीवर ठेवला. टेप विसरली की ती याच पंजाने मोजायची. तेओतीने त्यावरून तिची पुष्कळ टिंगल केली होती, म्हणजे पंजा केवढा आहे हे त्याला पक्कं माहीत होतं.

"काढतोय," डेस म्हणाला.

"अरे डेस," केव्हिन म्हणाला, "बोट आहे तुझं मध्ये. भिंगावर."

"हो," डेस म्हणाला.

पण त्याने बोट काढलं नाही. फोनच्या काचेत त्याला काय दिसत होतं ते मॉर्नाला तिथून दिसत नव्हतं. त्याचे डोळे तिला दिसत होते, आणि ते फोनवर नव्हते. ते कुरणापलीकडे, घराच्या धुराड्याकडे होते. केव्हिनने तिच्याकडे पाहून खांदे उडवले. आता तिच्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं, आणि थंडीने तिचा पंजा भिंतीवर थरथरू लागला होता.

डेसने खाली पाहिलं. त्या हाताकडे.

मग त्याने अंगठा बाजूला घेतला आणि फोटो काढला. परत काढला. एक पायरी उतरून, जवळून, आणखी एक.

"झालं," तो म्हणाला. "हात घे पोरी. खण रे केव्हिन."

फावडं काळ्या थरात सहज शिरलं. काटक्यांचा, कुजलेल्या पानांचा जुना वास आला, आणि सगळं तुकड्यातुकड्यांनी केव्हिनच्या बुटांवर पडू लागलं. मॉर्ना शेवटपर्यंत बघत राहिली. कमर मोकळी झाली तेव्हा श्वास पूर्ण आत गेला आणि तो इतका दुखला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिला स्ट्रेचरवर घेऊन कुरणातून नेताना पावसाने पुन्हा जोर धरला होता. कोंबड्या स्ट्रेचरपुढून ओरडत पळाल्या. एक पाय जड होता, पण बोटं हलत होती. केव्हिन डोक्याशी चालत होता आणि डेस बाजूने, फोन शर्टाच्या आत, छातीशी.

"एवढं काय होतं रे त्या मातीत?" केव्हिनने विचारलं.

मॉर्नाने तोंड उघडलं, पण डेसने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या सांगतो. मीच सांगतो," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळी घरी जेवायला ये. व्हाइटबेट आहेत. बायकोला आण. हॉलवरच्या सगळ्यांना आण, शाळेच्या बाईंनाही."

"सगळ्यांना? तुझे व्हाइटबेट?" केव्हिन थबकला, स्ट्रेचर हललं. "नदीवर माझ्या जाळ्यात गेलेला एक मासा तू परत मागितला होतास, डेस. कुणी मेलंय का?"

"नाही," डेस म्हणाला. "फ्रीजर रिकामा करायचाय."